सोळावरून सतरावर: टायरची साईज बदलताना गाडीत काय काय बदलतं

टायरची साईज बदलणं हे काम दिसायला अर्ध्या दिवसाचं आहे. पण दुकानात जातो तो वेळ सगळ्यात कमी. खरा वेळ खातात ती आकडेमोड, हव्या त्या ऑफसेटचं (चाक किती आत-बाहेर बसेल ते ठरवणारं माप) रिम मिळेपर्यंतची थांबाथांब आणि विमा कंपनीचं लेखी उत्तर. २०५/५५ आर १६ वर आलेली गाडी २२५/४५ आर १७ वर नेण्याचं काम नुकतंच पूर्ण झालं. जे जे बघावं, मोजावं आणि विचारावं लागलं, ते त्याच क्रमाने इथे देतोय. तुमची साईज वेगळी असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

सुरुवात ड्रायव्हरच्या दारापाशी. दार उघडलं की खांबावर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर असतो, काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर कंपनीने मान्य केलेल्या साईज आणि प्रत्येकीची हवा लिहिलेली असते. एकाच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीनेच १७ इंची चाकं दिलेली असतील, तर निम्मं काम तिथेच झालं. रिमची रुंदी, ऑफसेट, हवा सगळं तयार मिळतं आणि कागदपत्रांचा त्रासही जवळजवळ संपतो. स्टिकरवर एकच साईज असेल तर मॅन्युअलच्या मागच्या पानांवरचा तांत्रिक तक्ता बघा, तिथे बऱ्याचदा जास्त पर्याय असतात. गाडी जुनी घेतलेली असेल तर सध्या लावलेल्या टायरवरची साईज मूळ समजू नका. आधीच्या मालकाने काय केलं असेल ते सांगता येत नाही.

आता आकडे. २०५/५५ आर १६ मधला २०५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे साईडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे ११२.७५ मिमी. आर म्हणजे रेडियल आणि १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. एक इंच २५.४ मिमी, म्हणून रिम ४०६.४ मिमी. त्यात वरची आणि खालची साईडवॉल मिळवली की ४०६.४ अधिक २२५.५, म्हणजे चाकाचा एकूण व्यास ६३१.९ मिमी. सगळ्या कामात सांभाळायचा आकडा हाच. रुंदी, रिम, प्रोफाइल (तो ५५ चा आकडा) यांची चर्चा सगळे करतात, पण गाडीचा स्पीडोमीटर, गिअर, ब्रेक आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांचं सगळं गणित या एकूण व्यासावर बसवलेलं असतं.

पर्याय तपासताना चार साईज कागदावर मांडल्या. २२५/४५ आर १७ चा व्यास येतो ६३४.३ मिमी, म्हणजे मूळपेक्षा ०.४ टक्के जास्त. २२५/४० आर १८ चा ६३७.२, म्हणजे ०.८ टक्के जास्त. रिम तेच ठेवून २१५/५५ आर १६ घेतला तर ६४२.९, म्हणजे १.७ टक्के जास्त. आणि २१५/६० आर १६, जो "गाडी जरा उंच होईल" म्हणून हमखास सुचवला जातो, त्याचा ६६४.४. हा थेट ५.१ टक्के जास्त. ऐकायला एक नंबर रुंद आणि एक नंबर उंच, पण फरक सव्वातीन सेंटीमीटरचा. टायरच्या धंद्यात तीन टक्क्यांच्या आत राहावं असा सर्वसाधारण संकेत आहे, आणि माझ्या मते वाढवायच्या बाजूला दोन टक्क्यांवरच थांबावं. कारण पुढे येईल.

हा ५.१ टक्के फरक गाडीत कुठे कुठे पोचतो ते बघण्यासारखं आहे. स्पीडोमीटर चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या फेऱ्या मोजतो, अंतर मोजत नाही. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कळत नाही. बहुतेक मीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवतात, कारण संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये, आणि जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि त्यावर ताशी ४ किमी इतकंच. समजा मीटरवर १०० असताना गाडी खरी ९६ ने चालते. ५.१ टक्के मोठं चाक लावलं की मीटरवर १०० आणि खरा वेग जवळपास १०१. कंपनीने ठेवलेली सुरक्षित बाजू संपली. दंडाची पावती आल्यावर टायर मोठे आहेत हे कारण कोणी ऐकून घेत नाही.

ओडोमीटरचंही तेच. मीटरवर १०,००० किमी झाले तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०,५०० पेक्षा थोडी जास्त पळालेली असते, त्यामुळे ऑइल बदलणं आपोआप उशिरा होतं. मायलेज काढतानाही गफलत होते. टाकीतलं पेट्रोल खरं, पण किलोमीटर कमी मोजलेले, म्हणून हिशोबात मायलेज पाच टक्के पडलेलं दिसतं. मोठे टायर लावून मायलेज कोसळलं म्हणणाऱ्यांनी आधी मीटरवरच्या किलोमीटरना १.०५ ने गुणून बघावं. उरलेली घट खरी.

त्यापुढे गिअरिंग. मोठं चाक म्हणजे फायनल ड्राइव्ह (चाकांना जोर पोचवणारा शेवटचा गिअर) तेवढ्याच टक्क्यांनी लांब करण्यासारखंच. खऱ्या १०० च्या वेगाला इंजिन २,५०० आरपीएमवर फिरत असेल तर ते २,३८० च्या आसपास येतं. हायवेवर छान वाटतं, पण घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी दमते, टर्बो इंजिन बूस्टच्या, म्हणजे टर्बो नीट जोर देतो त्या आरपीएमच्या, खाली सरकतं आणि एक गिअर खाली टाकावा लागतो. चढावर गाडी सोडताना क्लच जास्त घसरतो. ब्रेकचीही तीच कथा. डिस्कवर तयार होणारा टॉर्क (चाकाचं फिरणं रोखणारा पीळ) तोच, पण चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे रस्त्यावर मिळणारं बळ त्याच पेडलला पाच टक्क्यांनी कमी. पेडल थोडं जास्त दाबून ते भरून निघतं. तरी भरलेल्या गाडीने लांब उतार उतरताना ब्रेक थोडे आधी तापतात.

आणि एवढं करून गाडी उचलली जाते किती? व्यास ३२.५ मिमीने वाढला तरी अ‍ॅक्सल जमिनीपासून त्याच्या निम्माच वर जातो, म्हणजे १६ मिमी. ग्राउंड क्लिअरन्ससाठी साईज वाढवणाऱ्यांनी हा निम्म्याचा हिशोब आधी करावा.

दोन टक्क्यांवर थांबण्याचं कारण असं. नव्या टायरची ट्रेड (वरच्या नक्षीची खोली) साधारण ८ मिमी असते आणि १.६ मिमीला तो कायद्याने बाद होतो. म्हणजे नवा ते बाद या प्रवासात व्यास १२.८ मिमीने घटतो, २०५/५५ आर १६ साठी बरोबर दोन टक्के. मूळ साईजचे टायरही गाडीला आयुष्यभर एवढी हालचाल दाखवतात आणि सगळ्या यंत्रणा ती गृहीत धरतात. त्याच्या आत राहिलं की गाडीला नवं काही सोसावं लागत नाही.

१८ इंचांचा पर्याय व्यासात बसत होता, तरी सोडला. त्याची साईडवॉल ९० मिमी, म्हणजे मूळ ११३ च्या तुलनेत दोन सेंटीमीटरहून जास्त रबर कमी. खड्ड्याच्या धारेवर चाक आदळलं की टायर त्या धारेत आणि रिमच्या ओठात चिमटला जातो. आतले दोर तुटून साईडवॉलवर फुगा येतो किंवा रिम वाकतं. १७ ला साईडवॉल १०१ मिमी उरते. १८ इंची चाक फोटोत देखणं दिसतं, यापलीकडे खराब रस्त्यांवर चालणाऱ्या साध्या कुटुंबाच्या गाडीला त्यात मला काही सापडलं नाही.

रुंदीबद्दल एक गंमत. २०५ वरून २२५, म्हणजे टायर २० मिमी रुंद होणार असं वाटतं. पण टायरची रुंदी एका ठरावीक मापाच्या रिमवर मोजतात. २०५/५५ आर १६ साडेसहा इंची रिमवर बहुतेक उत्पादकांच्या तक्त्यात २१४ मिमीच्या आसपास भरतो. २२५/४५ आर १७ साडेसात इंची रिमवर २२५ भरतो, आणि रिम अर्धा इंच अरुंद झालं की टायर साधारण ५ मिमीने आवळतो. म्हणजे ७ इंची रिमवर तो २२० च्या घरात. प्रत्यक्ष फरक उरला सहा-सात मिमी. म्हणून जागा मोजताना टायरच्या नावावर जाऊ नका, उत्पादकाच्या डेटाशीटमधली सेक्शन विड्थ बघा आणि ती कोणत्या रिमवर मोजली तेही बघा. प्रत्येक साईजला चालणाऱ्या रिमची कमाल-किमान रुंदीही तिथेच असते. २२५/४५ आर १७ साठी ती ७ ते साडेआठ इंच आहे.

आता लोड आणि स्पीड. साईजच्या पुढे ९१ व्ही असं काही असतं. ९१ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० किमी. नवा टायर या दोन्हींत मूळच्या बरोबरीचा किंवा वरचा हवा, खालचा घेऊच नये. २२५/४५ आर १७ हा ९१ मध्ये मिळतो आणि ९४ एक्सएलमध्येही (एक्सएल म्हणजे जादा भारासाठी मजबूत केलेला टायर). ९४ म्हणजे ६७० किलो. जास्त म्हणजे चांगलं असं समजून लोक एक्सएल घेतात आणि हवा जुनीच भरतात. इथे एक बारीक गोम आहे. साधा टायर आपला पूर्ण भार २.५ बारला, म्हणजे ३६ पीएसआयला उचलतो, तर एक्सएलला त्याचा ६७० चा आकडा गाठायला २.९ बार, म्हणजे ४२ पीएसआय लागतात. एकाच हवेला ९४ एक्सएल हा साध्या ९१ पेक्षा किंचित कमीच भार पेलतो. त्यामुळे स्टिकरवर ३३ पीएसआय असेल तर एक्सएलमध्ये दीड-दोन पीएसआय जास्त ठेवावी लागते. टायर उत्पादकाचा लोड-प्रेशर तक्ता मागून घ्या, मेलवर मिळतो.

टायर हातात आले की साईडवॉलवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिचे शेवटचे चार आकडे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. चारही टायर एकाच सुमाराचे असावेत.

सगळ्यात जास्त वेळ रिमने घेतला. रिमचा नुसता व्यास जुळून भागत नाही. पीसीडी म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास. ५ बोल्टांना ११२ आणि ११४.३ हे दोन्ही सर्रास आढळतात आणि सव्वादोन मिमीचा तो फरक डोळ्यांना दिसत नाही. कसाबसा बसवला तर बोल्ट तिरके बसतात आणि पुढे सैल होतात. मधलं भोक, सेंटर बोअर, हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागाच्या) मापाचं हवं. बाजारातली बरीच रिम मोठ्या भोकाची येतात, त्यात हबच्या मापाची रिंग घालावी लागते. रिंग नसली तर चाक मध्यावर न बसता बोल्टांच्या भरवशावर बसतं, आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी ऐंशी-नव्वदच्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. बोल्टच्या बुडाचा आकारही बघा, शंकूसारखा की गोलसर. शंकूचा बोल्ट गोल खळग्यात घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण टेकतो तो एका बारीक रेघेवर.

आणि ऑफसेट. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे, तो हा आकडा. रिमवर ईटी अशा अक्षरांपुढे कोरलेला असतो. मूळ रिम साडेसहा इंची, ईटी ५०. साडेसहा इंच म्हणजे १६५ मिमी, निम्मे ८२.५. त्यातून ५० वजा केले की रिमची बाहेरची कड हबपासून ३२.५ मिमी बाहेर, आणि ५० मिळवले की आतली कड १३२.५ मिमी आत. सहज मिळत होतं ते साडेसात इंची, ईटी ४५. त्याची बाहेरची कड ५०, म्हणजे मूळपेक्षा पावणेदोन सेंटीमीटर जास्त बाहेर. भरलेल्या गाडीत मागचं चाक मडगार्डच्या ओठाला घासलं असतं. ७ इंची, ईटी ४८ घेतलं तर बाहेरची कड ४१, आतली १३७. फरक बाहेर साडेआठ आणि आत साडेचार. हे बसणारं होतं, पण तयार साठ्यात नव्हतं, मागवावं लागलं. दुकानदार अशा वेळी हमखास म्हणतो, "तेच लावा, फारच घासलं तर स्पेसर टाकू." स्पेसर चाक आणखी बाहेर ढकलतो, मग बाहेर घासणारं चाक त्याने सुटेल कसं? वाट बघणं परवडतं.

ऑफसेट कमी करण्याचा दुसरा परिणाम स्टिअरिंगवर होतो. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती जमिनीला जिथे टेकते आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्यांतलं अंतर बदलतं. दोन मिमी कोणाला कळतही नाहीत. १५-२० मिमी हलले की मात्र एका चाकाला खड्डा लागला तरी स्टिअरिंग हातात झटका देतं, जोरात वेग घेताना गाडी एका बाजूला ओढते आणि व्हील बेअरिंगवर लोड वाढतो.

रिमच्या मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल, व्हीआयए यांसारखे चाचणीचे शिक्के आणि किलोमध्ये भारक्षमता कोरलेली असते. ती एका चाकावरच्या भारापेक्षा जास्त हवी. हा भार काढायला मॅन्युअलमधलं जड अ‍ॅक्सलचं कमाल वजन निम्मं करा. शिक्के आणि आकडा दोन्ही नसलेलं रिम कितीही स्वस्त असो, नको. आणि विकत घेण्याआधी वजन करा. घरातला वजनकाटा पुरतो: आधी स्वतः उभं राहायचं, मग चाक हातात धरून. जुनं टायरसकट चाक आणि नवं यांत प्रत्येकी दीड-दोन किलोचा फरक सहज निघतो. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, शिवाय फिरणारं आणि मध्यापासून लांब गेलेलं. म्हणून ते शहरातल्या थांबा-निघा चालवण्यात जाणवतं, एकसारख्या वेगात फारसं नाही.

कागदपत्रं टायर बसवण्याआधी उरकायची, नंतर नाही. नियम देशोदेशी वेगळे आहेत, पण विचारायचे दरवाजे तेच. उत्पादकाच्या सेवा विभागाला चासी नंबर देऊन लेखी विचारा की ही साईज या गाडीला मान्य आहे का. साईज मान्य यादीत असेल तर वाहन नोंदणी कार्यालयात सहसा काही करावं लागत नाही. यादीबाहेर असेल तर बदलाची नोंद, तपासणी किंवा रिमचं प्रमाणपत्र लागतं का ते आधी विचारा. तिसरा दरवाजा विमा कंपनीचा. फोनवर "हो चालेल" म्हणतात, त्याला दाव्याच्या वेळी किंमत नाही. मेल करा, जुनी-नवी साईज, लोड इंडेक्स आणि रिमचं माप लिहा, उत्तराची प्रत पॉलिसीसोबत ठेवा. अलॉय रिमचा स्वतंत्र विमा हवा असेल तर त्याची किंमत जाहीर करावी लागते आणि हप्ता थोडा वाढतो. या उत्तराला रिमपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, म्हणून रिम मागवलं त्याच दिवशी मेल पाठवून टाकावा. गाडी वॉरंटीत असेल तर हे अधिकच गरजेचं.

खर्चाचा अंदाज करताना लोक चार रिम आणि चार टायर धरतात आणि थांबतात. त्यात हब रिंग, नवे बोल्ट किंवा नट, व्हॉल्व्ह, टायर प्रेशरचे सेन्सर असतील तर ते, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरा. शिवाय पुढच्या प्रत्येक बदलीला १७ इंची टायर १६ पेक्षा महाग आणि खड्ड्यात जाण्याचा धोका जास्त, हा चालू खर्च वेगळाच.

रिम आल्यावर थेट टायर चढवू नका. टायर चढवलेलं रिम दुकान परत घेत नाही. आधी नुसतं रिम पुढच्या हबवर लावून हाताने फिरवून बघा. काड्यांची आतली बाजू आणि ब्रेक कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) यांत निदान ३ मिमी फट हवी. बॅलन्सिंगची चिकटवजनं आतल्या बाजूला लागतात, त्यांची जाडीही या फटीत धरावी लागते. मग एकाच रिमवर टायर चढवून, गाडी जमिनीवर टेकवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत. मुलांची खेळायची चिकणमाती इथे कामाला येते. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या नळीवर, मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकवर आणि बंपरच्या मागच्या कोपऱ्यात तिचे जाडसर गोळे चिकटवा, गाडी सावकाश वळवा, गतिरोधकावरून न्या आणि परत बघा. गोळा जिथे चेपला तिथे उरलेली जाडी म्हणजे तुमची खरी फट. मागच्या चाकासाठी मागे तीन माणसं आणि डिकीत सामान भरून हेच करा. रिकाम्या गाडीतली चाचणी मागच्या चाकांसाठी बिनकामाची.

बसवण्याचा दिवस सगळ्यात लहान. तरी उभं राहून बघण्यासारखं बरंच आहे. हबचा टेकणारा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून गंज काढला का? गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला की चाक तिरकं बसतं आणि पापुद्रा चुरला की बोल्ट ढिले होतात. टायरवर बाण असेल तर तो पुढच्या फिरण्याच्या दिशेने, आणि "आउटसाइड" लिहिलेली बाजू बाहेर. पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग, तो व्हॉल्व्हसमोर आणतात म्हणजे वजनं कमी लागतात. बोल्ट आधी हाताने फिरवायचे. १२ मिमीच्या, दीड पिचच्या (दोन आट्यांत दीड मिमी अंतर असलेल्या) स्टडवर नट निदान आठ फेरे बसायला हवा. त्याहून आधी अडला तर काहीतरी चुकतंय. घट्ट करणं समोरासमोरच्या क्रमाने, आणि शेवटचा जोर टॉर्क रेंचने. इम्पॅक्ट गनने नाही. मॅन्युअलमधला आकडा बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावू देऊ नका. तेवढ्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो.

टायर बदलल्याने अलाइनमेंटचे कोन बदलत नाहीत, पण रुंद टायर चुकीचा टो (वरून बघता चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) लवकर दाखवतो, म्हणून तपासणी लगेच करून घ्यावी. इथे एक जागा फसवी आहे. टो कधी मिलिमीटरमध्ये दिलेला असतो आणि तो रिमच्या कडेला मोजतात. रिम मोठं झालं की त्याच मिलिमीटरचा कोन लहान होतो. ऑपरेटरला अंशांतला आकडा घ्यायला सांगा आणि आधी-नंतरचा प्रिंट मागा.

प्रेशर सेन्सर दोन प्रकारचे. व्हॉल्व्हला जोडलेले असतील तर नव्या रिमला नवे लागतात आणि गाडीला त्यांची ओळख करून द्यावी लागते. चाकाच्या फेऱ्यांवरून अंदाज बांधणारी यंत्रणा असेल तर मेनूमधून रीसेट पुरतं, मात्र थंड टायरमध्ये बरोबर हवा भरल्यावरच.

मीटर तपासायच्या दोन पद्धती आहेत. एक सोपी: मोकळ्या सरळ रस्त्यावर एकसारखा वेग ठेवून जीपीएसचा आकडा शेजारच्याने वाचायचा. दुसरी जुनी आणि खात्रीची. सपाट जागेवर टायर जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ मारायची, गाडी सरळ ढकलत चाकाच्या पाच फेऱ्या करायच्या, पुन्हा जमिनीवर रेघ आणि टेपने अंतर. जुने टायर काढण्याआधी आणि नवे बसवल्यावर, तीच हवा, तेच वजन. आकडा व्यासाला पाय (π, म्हणजे ३.१४) ने गुणून येतो त्यापेक्षा कमी येईल. गोंधळू नका. वजनाखाली टायर चेपतो, म्हणून प्रत्यक्ष फेरी व्यासाच्या ३.०५ पटीच्या जवळ भरते. या साईजना पाच फेऱ्यांचं अंतर ९ मीटर ६५ सेंटीमीटरच्या आसपास यावं. जुने टायर झिजलेले असतील तर फरक ०.४ टक्क्यांपेक्षा मोठा दिसेल, तो झिजेचा आहे.

पहिले काहीशे किलोमीटर जरा बेतानं. नव्या रबराच्या पृष्ठभागावर साच्यातून निघताना लागलेला लेप असतो, तो घासून जाईपर्यंत ओल्या रस्त्यावर पकड कमी. टायर रिमवर चढवताना लावलेलं वंगण ताजं असतं, तोवर कचकन ब्रेक मारला तर टायर रिमवर सरकतो आणि बॅलन्सिंग बिघडतं. ५० ते १०० किमीनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे. हे काम कोणी आठवण करून देत नाही, आणि टाळण्यासारखं हेच सगळ्यात कमी.

चालवताना फरक काय? स्टिअरिंग वळवलं की गाडी लगेच ऐकते, कारण आखूड साईडवॉल कमी लचकते. कोरड्या वळणावर विश्वास वाढतो. बदल्यात रस्त्याचे सांधे आणि छोटे खड्डे सीटपर्यंत येतात, आणि ट्रकच्या चाकोऱ्यांत गाडी जरा भटकते. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, हे पूर्ण खरं नाही. वजन आणि हवा तीच असेल तर टेकणारं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं, त्याचा आकार रुंद आणि आखूड होतो. म्हणूनच साचलेल्या पाण्यात रुंद टायर आधी तरंगतो. पावसात वेग आधीपेक्षा थोडा कमीच ठेवावा लागतो आणि ट्रेड ३ मिमीवर आली की बदलण्याचा विचार सुरू करावा.

चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाड्यांसाठी वेगळं सांगायला हवं. चारही टायर एकाच साईजचे, एकाच मॉडेलचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत. पुढचं-मागचं चाक वेगळ्या व्यासाचं झालं तर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारी मधली कपलिंग सरळ रस्त्यावरही सतत घसरत राहते आणि तापते. टायरवर वाचवलेले पैसे तिथे वसूल होतात.

स्टेपनीचं काय, हा प्रश्न शेवटी येतो. १६ इंची जुनं चाक स्टेपनी म्हणून चालतं, कारण व्यासात अडीच मिमीचाच फरक आहे. तरी त्यावर ठरलेल्या वेगमर्यादेत पंक्चरच्या दुकानापर्यंतच जायचं. पण नव्या अलॉयचे बोल्ट जुन्या स्टीलच्या रिमला बसतीलच असं नाही. लांबी आणि बुडाचा आकार दोन्ही वेगळे असू शकतात, आणि लांब बोल्ट आतल्या बाजूला ब्रेकच्या भागांना टेकू शकतो. मूळ बोल्टांचा एक संच, अलॉयवर लॉकवाले बोल्ट असतील तर त्यांची चावी आणि त्या मापाचा पाना, हे सगळं एका पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यातच ठेवा. आणि स्टेपनीची हवा बघायला महिन्यातून एकदा तो खळगा उघडालच, तेव्हा पिशवी जागेवर आहे की नाही तेही बघून घ्या.